पुस्तकात न आलेले प्रकरण

डॉ. कुमुद सबनीस यांना मी पहिल्यांदा पाहिले ते शिकागोजवळच्या एका वाचनालयाच्या सभागृहात. आमच्या महाराष्ट्र मंडळाने इंडोनेशियातला धर्म आणि तिथल्या स्त्रिया या विषयावर त्यांचे व्याख्यान ठेवले होते. लग्न होऊन नागपूरहून येऊन मला वर्षही झाले नव्हते. दिवसभर घरात करमत नसे, म्हणून मी गेले. बहुतेक श्रोत्यांना ऐकायचे होते ते तिथल्या देवळांविषयी. जावा बेटावरचे मुसलमान कलावंत आजही रामायण-महाभारताचे बाहुल्यांचे खेळ करतात, हे ऐकून सभागृह खूश झाले. एका काकांनी उठून विचारले, "म्हणजे मुळात ते सगळं आपलंच, नाही का?"

"काका, गोष्टी आपल्याकडून गेल्या असतील," बाई म्हणाल्या. "पण इतक्या पिढ्या त्या जपल्या, स्वतःच्या रीतीने बदलल्या, धर्म बदलल्यावरही टाकल्या नाहीत, ते त्या लोकांनी. आता ते त्यांचं आहे. आपण पाहुण्यासारखं बघावं."

काका जरा हिरमुसले. चहाच्या वेळी बाई आपला कप घेऊन त्यांच्याच शेजारी जाऊन बसल्या आणि त्यांना हसवूनच उठल्या. मग माझ्याकडे वळल्या. "तुम्ही काय करता?"

"समाजशास्त्रात एमए केलंय. पण या व्हिसावर नोकरी करता येत नाही."

"शिकता येतं ना?"

हा प्रश्न मला तोवर कोणी विचारला नव्हता. मीही स्वतःला विचारला नव्हता. त्याच आठवड्यात बाईंनी मला विद्यापीठात बोलावून आपल्या वर्गात बसवले. प्रवेशाची सगळी खटपट त्यांनी माझ्याबरोबर केली. आज मी शिकवते, ते त्या एका प्रश्नामुळे.

मध्य जावातल्या एका छोट्या शहरात बाई अनेक वर्षे जात आल्या आहेत. एकत्र बसून धर्मग्रंथ वाचणाऱ्या आणि त्याच ग्रंथाच्या आधाराने लग्न, तलाक, वारसा यांविषयी प्रश्न विचारणाऱ्या स्त्रिया हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. "धर्म सोडून गेलेल्यांबद्दल पुष्कळ लिहिलं जातं," त्या वर्गात सांगत. "मला धर्मात राहून जागा मागणाऱ्यांचं बघायचंय." त्यांची पुस्तके अनेकांनी वाचली आहेत. मला सांगायचे आहे ते पुस्तकात न आलेल्या एका प्रकरणाविषयी. ज्यांचे ते आहे, त्यांनी आता सांगायला संमती दिली आहे. नावे तेवढी बदलली आहेत.

माझ्या संशोधनाच्या पहिल्या मुक्कामात मी बाईंबरोबर तिथे होते. पुरुष म्हणून जन्मलेल्या, पण स्त्री म्हणून जगणाऱ्यांना तिथे 'वारिया' म्हणतात. रीनी त्यांच्यातली. तिचे छोटे ब्यूटी पार्लर होते; गावातल्या निम्म्या नवऱ्या तिच्याच हातून सजलेल्या. ती नमाज चुकवत नसे, मात्र मशिदीत जायला धजत नसे. पुरुषांच्या रांगेत उभे राहवत नसे आणि स्त्रियांच्या रांगेत कोणी उभे राहू देत नसे. आम्ही तिला भेटलो तेव्हा आजार हाताबाहेर गेला होता. एका दुपारी तिने बाईंना तिकडच्या रीतीने आदराने 'इबू', म्हणजे आई, अशी हाक मारून विचारले, "इबू, मी गेल्यावर मला शेवटची आंघोळ कोण घालणार? पुरुषाला पुरुष घालतात, बाईला बाया. मला कोण?"

बाईंनी मला खुणेने रेकॉर्डर बंद करायला लावला. मग तिलाच विचारले, "तुला कोणी घालावी असं वाटतं?"

"माझ्या मैत्रिणींनी. पण त्यांना विधी येत नाही. कोणी शिकवलाच नाही."

तो विधी शिकवू शकेल अशी एकच व्यक्ती आम्हाला माहीत होती. इबू सलमा. मुलींच्या निवासी मदरशात त्या शिकवत आणि बायकांचे ग्रंथवाचन मंडळही चालवत. बाई त्यांच्याकडे गेल्या, रीनीचा प्रश्न सांगितला आणि गप्प बसल्या. परतताना मी म्हणाले, "बाई, थोडा आग्रह करायला हवा होता." त्या म्हणाल्या, "अगं, आपण विमानाने निघून जाऊ. इथे राहायचंय त्यांना. ठरवू दे."

इबू सलमांनी मदरसा चालवणाऱ्या आपल्या पतींशी चर्चा केली, ग्रंथ चाळले, आणि काही दिवसांनी निरोप धाडला: शिकवीन. रीनीच्याच पार्लरमध्ये बसून त्यांनी तिच्या मैत्रिणींना सगळा विधी शिकवला. ही गोष्ट पसरली तेव्हा काही पालकांनी आपल्या मुली मदरशातून काढून नेल्या. इबू सलमांनी शिकवणे थांबवले नाही.

रीनी गेली ती एका सकाळी. मैत्रिणींनी आत तिला आंघोळ घातली. बाहेर नळावर बाई बादल्या भरून देत होत्या. मशिदीतून कोणी येईल की नाही, हे कोणालाच ठाऊक नव्हते. इबू सलमांचे पती आले, नमाजासाठी एकटेच पुढे उभे राहिले आणि वाट पाहू लागले. बराच वेळ कोणी हलले नाही. मग समोरचा दुकानदार हात-पाय धुऊन मागे येऊन उभा राहिला. त्याच्यामागे आणखी एक. अखेर दोन रांगा भरल्या. बाई बादली हातात धरून रडत होत्या. त्यांना रडताना मी तेवढेच पाहिले.

बाईंनी त्यावर लिहिलेले प्रकरण वाचून प्रकाशनसंस्थेचे संपादक हरखून गेले होते. पण इबू सलमा म्हणाल्या, "आत्ता छापलंस तर उरलेल्या मुलीही जातील." बाईंनी दुसऱ्याच दिवशी प्रकरण काढून टाकले. पुस्तक पातळ झाले, एका समीक्षकाने त्यात जिवंत माणसे कमी असल्याचे लिहिले, आणि बाईंनी त्याला उत्तर दिले नाही.

इथे अमेरिकेतही त्या वेगळ्या वागल्या नाहीत. मंडळातल्या शुभांगीने एकदा रडत सांगितले, की ज्याला आजवर मुलगा समजलो ते आपले मूल आता मुलगी म्हणून राहते, मीरा नाव घेतले आहे, आणि गणपतीला न्यायची भीती वाटते. बाई म्हणाल्या, "घेऊन ये. माझ्या शेजारी बसेल." आरतीआधी मीराने हळूच विचारले, "मावशी, डू आय हॅव टू एक्स्प्लेन माय्‌सेल्फ?"

"नो. यू हॅव टू ईट मोदक्स."

तेवढ्यात कोणीतरी "ह्या कोण?" म्हणून विचारलेच. "शुभांगीची मुलगी," बाई म्हणाल्या, आणि तिच्या हातात टाळ दिले. पुढच्या वर्षी सजावट मीराने केली.

बाईंना आता पंचाहत्तर पूर्ण होत आहेत. गुडघे कुरकुरतात, डॉक्टर लांबचा प्रवास नको म्हणतात, आणि बाई जावाच्या तिकिटांची चौकशी करत असतात. त्यांच्या या गौरवग्रंथासाठी मी इबू सलमांकडे दोन शब्द मागितले. त्या फोनवर हसल्या. "तिला सांग, तब्येत सांभाळ. वारशाच्या प्रश्नावर तिचं म्हणणं आम्हाला अजून पटलेलं नाही. इथे सगळ्या जणी वाट बघतायत."

बाई, तुम्हाला उत्तम आरोग्य लाभो, आणि तो वाद पुष्कळ वर्षे मिटू नये.