क्लासच्या फ्लेक्सवर माझा फोटो

हे आत्ताच सांगते. आत्ताच. देगलूरहून नांदेडला जाणाऱ्या एसटीत बसलेय, मांडीवर जुन्या शालीत गुंडाळलेलं एक यंत्र आहे, आणि नांदेड आलं की मी कुणालाच काही सांगणार नाही हे मला पक्कं माहितेय. म्हणून टायपिंगच्या चुका राहू द्या, गाडी हलायलीय.

यंत्र म्हणजे जमिनीचं हलणं टिपणारं. जेवणाच्या डब्याएवढंच असतं. ते देगलूरच्या एका शाळेत होतं. मी ते परत घेऊन चाललेय, आणि का, तेच सांगायचंय.

मी चाकूरकडची. घरची शेती. मायचं माहेर भूकंपात गेलं, ती तेव्हा शाळेत होती. आमच्या घरात अजून फळीवर तांब्यावर तांब्या रचलेला असतो. जमीन हलली की पडून आवाज व्हावा म्हणून. आम्हाला त्याचं काही वाटत नाही, पाहुणेसुद्धा सांभाळून उठतात-बसतात.

दहावीला मार्क पडले तसं मला लातूरला टाकलं. डॉक्टर व्हायचं. दोन वर्षं क्लास, मग वर एक रिपीटरचं. मेसच्या वाटेवर चौकात हे भलेमोठे फ्लेक्स, टॉपर पोरापोरींच्या फोटोंचे. मी रोज त्यांच्याखालून जायची. कुणाचा चष्मा कसा, कोण कसं हसतंय, सगळं पाठ. आपला फोटो लागला तर दोन वेण्या घालायच्या का एक, हेसुद्धा ठरवलं होतं. हसू नका, खरंच ठरवलं होतं.

तिथं एकदा लाटांचा धडा चालू होता. मी हात वर केला. "सर, भूकंपाच्या लाटा पण अशाच असतात का?"

"परीक्षेला हाय का?"

"नाही सर."

"मग भूकंप आला की बघू. लिहा पुढचं."

अख्खा वर्ग हसला. मी पण हसले. त्यातली कितीतरी पोरं भूकंपाच्या पट्ट्यातलीच होती.

डॉक्टर काही झाले नाही. गावात माझी ओळख उरली ती म्हणजे "लातूरला जाऊन आली ती". मग बीएस्सी केली, आणि नांदेडला विद्यापीठात एमएस्सीला आले. तिथं एक सर होते, कुणालाही "काय सायंटिस्ट, जेवलास का?" असं विचारणारे. त्यांना राज्य सरकारचा एक संशोधन प्रकल्प मिळाला होता. आमच्या भागात मधूनच जमिनीतून गुर्रर्र आवाज येतो, लोकं घाबरून अंगणात झोपतात, तर ते नेमकं काय हाय ते मोजायचं. आणि सरांनी अर्जातच लिहिलेलं की यंत्रं विद्यापीठात कुलपात ठेवणार नाही, तालुक्यातल्या शाळांत ठेवणार, आणि सांभाळणार शाळेतली पोरं. सरकारनं ते मंजूर केलं. त्या पैशातून यंत्रं आली, कॉम्प्युटर आले, आम्हा पोरांना दर महिन्याला मानधन आलं. मानधन होतं म्हणून माझी एमएस्सी झाली, नाहीतर अण्णांनी, म्हणजे वडलांनी, स्थळ बघायला सुरुवात केलीच होती.

देगलूरच्या शाळेत यंत्र बसवलं तो दिवस सांगते. लॅपटॉपवर रेघ दिसायला लागली, एक पोरगं उडी मारून बघतं तर रेघ हलली. झालं! सगळा वर्ग उड्या मारायला लागला. हेडसर धावत आले, "ए माकडांनो! सरकारी मशीन हाय ते!"

सर म्हणले, "उडू द्या हो. पण आता असं करा. चारजण इकडं भिंतीकडं तोंड करून नुसती रेघ बघा, मागं कोण उडलं ते ओळखा."

एक सातवीतली पोरगी रेघेकडं टक लावून म्हणली, "लांबून उडलाय. पण हाय मॉनिटरच. एवढी मोठी रेघ दुसऱ्या कुणाची येणार न्हाई."

मागं वळून बघतो तर वर्गाचा जाडजूड मॉनिटरच. हेडसरसुद्धा हसत सुटले.

त्या हसण्यातच मला कळलं की आपण लातूरला तीन वर्षं काय केलं. लाटेचा वेग, वेळ, अंतर, ही सूत्रं मी झोपेतसुद्धा म्हणून दाखवली असती. पण भूकंपाची एक लाट आधी येते, दुसरी मागून, आणि दोघींमधला वेळ बघून धक्का किती लांबून आला ते त्याच सूत्रांनी सांगता येतं, हे माहीत नव्हतं. पुढं एका दुपारी तीन शाळांतल्या रेघा एकदमच हलल्या. मी बसून गणित केलं, नकाशावर टिंब दिलं, तर तिथं दगडाची खाण. सरांनी खाणवाल्याला फोन लावला. तिकडून आवाज आला, "हाव, आत्ताच सुरुंग उडवला. तुमाला कसं कळलं हो?" मी लॅबमध्ये नाचले. अक्षरशः नाचले.

मग पीएचडीच्या फेलोशिपची परीक्षा आली. मी पास झाले, नंबरही चांगला आला. आता ऐका. परीक्षेच्या आधी मी लातूरच्या एका क्लासची ऑनलाइन टेस्ट सिरीज घेतली होती. थोड्या टेस्ट दिल्या, बाकी तशाच राहिल्या. निकालाच्या दिवशी त्यांचा फोन. "मॅडम, अभिनंदन! क्लासचं नाव काढलंत! उद्या फोटो-व्हिडिओला या ना."

लातूरनं मला पहिल्यांदाच मॅडम म्हणलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी तिथं हजर. दोन वेण्या घालून. त्यांनी वाक्य लिहूनच ठेवलं होतं, कॅमेऱ्यात बघून म्हणायचं, "माझ्या यशाचं श्रेय फक्त आणि फक्त क्लासला." पहिल्यांदा बाहेर हॉर्न वाजला. दुसऱ्यांदा मी एक "फक्त" विसरले. कॅमेरावाला म्हणला, "ताई, जरा मनापासून." तिसऱ्यांदा मी मनापासून म्हणले.

त्याच चौकात फ्लेक्स लागला, माझा फोटो आणि खाली तेच वाक्य. अण्णा खास बघायला गेले, फ्लेक्सखाली उभे राहून कुणाकडून तरी फोटो काढून घेतला, चहावाल्याला म्हणले, "ही आमची हाय." तो फोटो मी किती वेळा बघितला असेल!

पुढं महिनाभरानं मुंबईहून समिती आली. प्रकल्पाला पुढचा पैसा द्यायचा का नाही ते ठरवायला. संशोधन ठीक आहे, पण याचा शिक्षणाला काय फायदा झाला ते दाखवा, असं त्यांचं म्हणणं. सरांनी मला उभं केलं. "ही आमची विद्यार्थिनी. फेलोशिप मिळवलीय."

समितीतल्या एक मॅडम माझ्याकडं बघत राहिल्या. "बाळ, आम्ही काल लातूरला उतरलो होतो. चौकात तुझाच फोटो ना? तिथं तर सगळं श्रेय क्लासला दिलंयस. मग या प्रकल्पानं तुला काय दिलं, सांग बरं."

टोमणा नव्हता हो. खरंच विचारत होत्या. खाण, रेघ, मॉनिटर, सगळं तोंडापर्यंत आलं होतं. आणि मी म्हणले, "मॅडम, मी टेस्ट सिरीज लावली होती."

एवढंच. खाली बसले.

सगळ्यांसमोर आपण खोटं बोललो हे कबूल करायची लाज वाटली, असं मी आजवर स्वतःला सांगत आले. पण त्याच्या खाली आणखी एक होतं. खरं बोलले तर फ्लेक्स उतरवतील, ही भीती.

बाहेर सरांनी माझ्या हातात चहाचा कप दिला. "काय सायंटिस्ट, फोटो कुठला दिलास तू? लई वाईट आलाय."

"सर, मी सांगायला पाहिजे होतं..."

"चहा घे. गार व्हायलाय."

दोन-तीन दिवस गेले. मग मॅडमना मेल केला, सगळं लिहून, खाणीसकट. उत्तर आलं, "हे त्या दिवशी बोलायला हवं होतंस. अहवाल आता गेला."

निर्णय असा आला की विद्यापीठातलं काम चालू राहील, शाळांमधलं बंद. शाळांत यंत्रं ठेवल्यानं शिक्षणाला काय फायदा झाला ते स्पष्ट होत नाही म्हणे. सर म्हणले, "तुझ्यामुळं न्हाई ग. वरूनच पैसा आटलाय. खामखा डोक्यात घेऊ नको." असेलही तसं. पण ज्या प्रश्नावर शाळा गेल्या, तो प्रश्न मलाच विचारला होता.

आज देगलूरला यंत्र आणायला मीच जाते म्हणले. मॉनिटर ओळखणारी ती पोरगी आता नववीत आहे. तिनंच यंत्र सोडवलं, ओढणीनं पुसलं, वायर नीट गुंडाळून दिली. शाल पण तिनंच घरून आणलेली.

"ताई, हे जुनं झालं म्हणून न्यायलात ना? नवीन आणणार का?"

हेडसर खिडकीबाहेर बघायला लागले. त्यांना सगळं माहीत होतं.

मी म्हणले, "हाव. आणणार की."

"कधी?"

"दिवाळीनंतर."

तिनं लगेच वर्गात पळत जाऊन सांगितलं, आणि आतून ओरडा ऐकू आला, आनंदाचा. मी तशीच स्टँडवर आले.

आता नायगाव गेलंय. सर नांदेडच्या स्टँडवर घ्यायला येणारेत, यंत्र रिक्षात आदळायला नको म्हणून. काय बोलू त्यांच्याशी? देगलूरच्या पोरांना मी काय सांगून आले, ते कसं सांगू?

तुमचं कधी असं झालंय का? ज्यानं शिकवलं त्याचं नाव घ्यायची नेमकी वेळ आली, आणि तोंडातून भलत्याचंच नाव गेलं? झालं असेल तर सांगा ना. मग त्या माणसासमोर तुम्ही कसे उभे राहिलात?