कापसाचा पांढरा

जलरंगात पांढरा रंग आम्ही लावत नाही, तिथे कागदच कोरा सोडतो. चाळीस वर्षं मी सावनेरकडच्या बहिणीच्या शेतातला कापूस असाच कोरा सोडत आलो. दर वेचणीला बांधावर बसून एक चित्र.

दोन वर्षांपूर्वीचं चित्र नागपुरात मनीषनगरच्या घरी भिंतीला लावलं, तर बायको म्हणाली, "अहो, कापूस काहून मैला काढला?" मी भडकलो. चित्र मी काढतो की तू? मग चष्मा पुसून जवळ गेलो. बोंडांवर राखाडी रंगाचा पातळ हात होता, आणि तो माझाच होता. दिसलं तसं काढलं होतं, मला कळलंही नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू आहे. खरं सांगतो, मला हायसं वाटलं. बांधापलीकडून आता दिवसभर कोळशाचे ट्रक जातात, बहिणीचा खोकला थांबत नाही, हे मला ठाऊक होतं. पण दोष माझ्याच डोळ्यात निघाला म्हटल्यावर शेताचा घोर मिटला. माणूस किती लबाड असतो बघा!

ऑपरेशन झालं. पट्टी काढली तेव्हा बायकोच्या साडीचा निळा पाहून मी येडाच झालो. तोंडभर हसलो.

यंदा वेचणीला गेलो. बांधावर कागद लावला, पांढराशुभ्र. मान वर केली. कापूस तसाच मैला. एका बोंडाला हात लावला, तर बोटं काळी झाली.

कमरेची कापसाची ओटी सावरत बहीण आली. "डोया बरा झाला न गा दादा? आता दिसते न पांढरा?"

"दिसते," मी म्हणालो. आणि कापसाची जागा कोरी सोडली. धडधडीत खोटी.

ती हसली. हसता हसता खोकल्याची उबळ आली, ती खाली बसली. तोंडाला लावलेला पदर तिने घाईने मुठीत दडवला. पण डोळा आता चांगला होता. पदरावर काळं होतं, आणि काळ्यात लाल.

"चल नागपूरले. आत्ताच, आहे तशी चल!" मी ओरडलोच.

"येडा झाला का गा दादा?" ती उठत म्हणाली. "मंग कापूस कोन वेचन?" आणि पुढच्या ओळीला लागली.