ढोलाची दोरी

ती गोष्ट अजून काही मनातून जात नाही. नावं सांगत नाही कुणाची.

नवरा पोलिसात होता. तो गेला आणि त्याच्या जागी मला घेतलं. शिक्षण बेताचं, पण बाईचा जबाब घ्यायचा असला की साहेब मलाच बसवायचे. रिटायर झाले आणि पोराकडं इथं इंग्लंडात, स्लाऊला आले. वाटलं, सुटले खाकीतून.

एका रविवारी नात म्हणाली, "आजी, तू पोलीस होतीस ना? कंप्लेंट केली आणि कोणी बिलीव्ह नाही केलं, तर आपल्यालाच पकडतात?"

ठाण्यात खबर अशीच येते. दुसऱ्याचं म्हणून विचारतात. मी म्हटलं, "नाही पकडत." पुढं काही विचारलं नाही. पोरगी सोळाची. गणपतीच्या ढोलपथकात होती आणि प्रॅक्टिसच्या दिवशीच तिचं पोट दुखायचं. सून ओरडायची, "नाटकं बंद कर!"

पुढच्या रविवारी मी हॅरोला, पथकाची प्रॅक्टिस चालते त्या हॉलवर गेले. पथकाचे एक काका. सगळे पाया पडायचे. नव्या पोरी त्यांच्यापुढं लाइन लावून उभ्या, आणि काका एकेकीच्या कमरेला ढोल बांधत होते. मोठ्या पोरी मात्र लेडीज टॉयलेटमधून ढोल बांधूनच बाहेर येत होत्या.

आत गेले. एकमेकींच्या दोऱ्या आवळत होत्या.

"इथं गं कशाला अडचणीत?"

"काकांची लाइन लाँग असते, आजी," एक म्हणाली. दुसरी फिस्सकन हसली.

मी दाराला पाठ लावून उभी राहिले. "हात कुठं जातो त्याचा?"

त्यातली थोरली बोलली, "प्रूव्ह कसं करायचं? दोरी तर बांधायलाच लागते ना."

घरी नातीला तिच्या खोलीत बसवलं. आईसमोर नाही विचारलं. आईचं तोंड बघून लेकरू शब्द गिळतं. रडली, पण सगळं सांगितलं. मी मध्ये बोलले नाही. शेवटी एवढंच म्हटलं, "तुझं काही चुकलं नाही."

सून म्हणाली, "अहो आई, वडिलांसारखे आहेत ते. आम्ही इथं आलो तेव्हा घर त्यांनीच शोधून दिलं."

"घर दिलं म्हणून पोरगी द्यायची का?"

मग सुनेनंच पोलिसांना फोन लावला.

गणपतीच्या कमिटीतला एक जण घरी आला. "आजी, गणपती तोंडावर आलाय. झाल्यावर बघू ना."

"चोर घरात ठेवून सण करता?" मी म्हटलं. चहा न घेताच गेला.

साध्या कपड्यांतली पोलीसबाई आली. आधी का बोलली नाहीस, असं तिनं एकदाही विचारलं नाही. टॉयलेटमधल्या थोरलीनंही जबाब दिला. बाकीच्यांना आईबापांनी देऊ दिला नाही. काकांना पथकातून काढलं, पण केस अजून रेंगाळतेय. ओळखीच्या बायका मला बघून रस्ता ओलांडतात. ओलांडू देत.

एवढी नोकरी केली, पण हे इथं येऊन कळलं. पोरी बोलत नव्हत्या, तरी सांगत होत्या. आडोशाला जाऊन दोरी बांधत होत्या, आणि आम्ही मोठी माणसं बाहेर खुर्च्यांवर बसून टाळ्या वाजवत होतो. पोरगी एखाद्याला टाळत असली तर तिला हट्टी म्हणू नका. जवळ बसा. ती बोलायला लागली की तुम्ही गप्प बसा.

परवा नातीला विचारलं, "आता बरं वाटतं का गं?"

"नाही, आजी. पण आता ते फक्त मला एकटीला माहीत नाहीये."