खुणेचं ताट

"ए बाई, तू ऊठ. तुझी पत्रावळ तिकडं गोठ्यापाशी मांडाले लावतो."

गावच्या जमीनदाराच्या, मालगुजाराच्या घरच्या लग्नाची पंगत होती. माझ्या बायकोनं, भागरतानं, पहिला घास उचलला होता. तो हातातच राहिला. तिच्या पोटरीवरचं फडकं मालगुजाराच्या नजरेत आलं होतं. "महारोग हाये तिले," तो सगळ्यांदेखत बोलला. "लेकराबाळांची पंगत हाये, बाप्पा."

भागरता उठली. पत्रावळ उचलून गोठ्यापाशी गेली. मी बसून राहिलो. अन् जेवलो. हे आधीच लिहून टाकतो, मागाहून हात धजणार नाही.

पोटरीवर जुना डाग होता. नवी नवरी असताना धान उकडायचा हंडा कलंडला, तवाचा. चाळीस वर्षं तो डाग गप्प होता. मग त्याच्यावर फोड आला. फुटला. भरेना. काठ फुगले, फुलकोबीसारखे. हात लागला की रक्त. पण दुखत नव्हतं.

मी दोन वर्ग शिकलेला. त्याचीच मोठी ऐट. पंगतीच्या आधीच, शाळेच्या भिंतीवर रोगाबद्दल लिहिलेलं मीच तिले बोट ठेवून वाचून दाखवलं. 'न दुखणारा चट्टा.' पुढं 'कुष्ठरोग.' म्हणजे महारोगच. झालं. तिची जखम होती, चट्टा नव्हता. अन् खालच्या ओळीत 'दवाखान्यात दाखवा' होतं. तिथवर मी गेलोच नाही. गावात बदनामी होईल म्हणून दवाखान्यातही नेलं नाही.

पंगतीहून आल्यावर खिळा घेतला अन् तिच्या ताटाच्या काठाले खूण केली. आमच्या ताटांत मिसळू नये म्हणून. ती चुलीपाशी बसून पाहून राहिली होती. म्हणाली, "खोल करा जी. घासून घासून मिटंल."

दोन वर्षांची धानं निघाली. जांघेत गाठ आली तेव्हा तिले गोंदियाले नेलं. डॉक्टरीण माझ्या नातीएवढी. जखमेचा तुकडा तपासाले धाडला. मग मले समोर बसवलं.

"बाबा, हा चामडीचा कॅन्सर आहे. जुन्या भाजलेल्या जागेवर होतो कधी कधी. महारोग नाही."

"शिवल्यानं लागते का?"

"नाही. कोणालाच नाही. लहान होता तेव्हा तेवढी जागा कापून काढली असती. आता गाठीत उतरला."

"अन् महारोग असता तं?"

"त्याला गोळ्या आहेत. घरच्यांसोबत जेवत जेवत माणूस बरा होतो." मग ती हळूच बोलली, "बाबाजी, इतने दिन कहाँ थे?"

काय सांगू? पंगतीत होतो.

धान लोंबीवर असताना भागरता गेली.

तेरवीले मालगुजार आला. खुणेचं ताट दिसलं त्याले. "ते फेकून दे गा. रोगाचं हाये."

मी त्याच ताटात भात वाढून घेतला. त्याच्यासमोर बसलो. "मालगुजार, भेव वाटत असंल तं तुमची पत्रावळ गोठ्यापाशी मांडतो."

तो न जेवता गेला. मी जेवलो. तिच्यासाठी हे करायचं होतं, तेव्हा ती जिवंत होती.

आता भिंतीवरची खालची ओळ मले पाठ आहे. गावात कोणाची जखम महिनाभर भरली नाही तर मी त्याच्या दारात उभा राहतो. शिव्या खातो, हलत नाही. दवाखान्यात नेतोच. पंगतीतून कोणाले उठवलं तर आधी मी उठीन, अन् त्याच्याजवळ जाऊन बसीन.

जेवतो त्याच ताटात. खूण मिटाले लागली की खिळा घेतो अन् पुन्हा खोल करतो.