हिराबाईचा रिकामा चौक

चिंचेने समई घासत होते. अर्धी लखलखली, अर्धी काळीच, तेवढ्यात दारात हिराबाई. रानशेतची ही वारली बाई गेली वीस वर्षं माझ्या पूजेला पानंफुलं देते.

"ताय, चल माझ्याबरोबर. माझं चित्र परत पाठवतायत."

चिकूवाडीतल्या जुन्या दगडी बंगल्यात आता नव्या चित्रांचं संग्रहालय झालंय. त्यांनी हिराबाईकडून कापडावर लग्नाचा चौक, वारल्यांच्या लग्नघरात भिंतीवर काढतात तो, करून घेतला. तिचं नाव पहिल्यांदाच कुठल्या भिंतीवर लागणार होतं. पण चौकाच्या मधोमध, पालघाट देवीच्या जागी, तिने काहीच काढलेलं नाही. अपुरं चित्र लावता येणार नाही, असा निरोप आला. उद्घाटन रविवारी.

"भर की मग ती जागा," मी वाटेत म्हटलं.

"कुणाचं लगीन आहे तिथं? धवलेरी गायला बसल्याशिवाय देवी येते होय?"

धवलेरी म्हणजे त्यांच्यात गाऊन लग्न लावणारी बाई. आमचा गणपतीही प्राणप्रतिष्ठा होईपर्यंत मातीच असतो ना!

बंगल्याच्या पायरीवर हिराबाईने चपला काढल्या. बघून मीही काढल्या. आत तिथला व्यवस्थापक भेटला, नविन नावाचा.

"मावशी, रंग-ब्रश ठेवलाय. दहा मिनिटांचं काम."

हिराबाईचं लक्ष समोरच्या भिंतीकडे. दाराएवढं निळं चित्र, कोपऱ्यात एक लाल रेघ. बस्स.

"हे कधी पुरं करणार?"

"ते पूर्णच आहे, मावशी. चित्रकाराने जागा मुद्दाम सोडलीय."

"मीपण मुद्दामच सोडलीय. त्याला कुणी ब्रश दिला नाय?"

मला हसू आवरेना. नविन ओशाळला. "पण लोक विचारतील, त्यांना काय सांगू?"

"सांग, देवी लग्नघरी येते. माघात माझ्या भाच्याचं लगीन आहे, ये बघायला. उपाशी नाय पाठवणार."

त्याने संग्रहालयाच्या मोठ्या बाईंना फोन लावला. तोवर हिराबाईने माझं मनगट घट्ट धरलेलं, बांगड्या रुतल्या. मी मनात रामनाम घेत होते.

"राहू दे म्हणाल्या," नविन आला तो हसतच. "फक्त खाली पाटी हवी."

घरी येऊन, रोज लिहिते त्या या वहीतलं पान फाडून मी हिराबाईने सांगितलं तसं लिहिलं: मधली जागा देवीची. ती लग्नात येते. चौक काढणारी हिराबाई वरठा, रानशेत.

समई अजून अर्धी काळीच आहे. उद्या पूजा आटोपली की डहाणू रोडला जायचं, पाटी छापून आणायला.