हॉटेलात उभे राहून मी हॉटेल विचारले, त्याची खरी हकीकत

आमच्या घरी लग्नाची जेवणे आटोपली आणि पानाचे तबक फिरू लागले की माझा धाकटा भाऊ घसा साफ करतो. तो भिवापूरला मिरची पिकवतो आणि गोष्टीत ती घालतानाही हात आखडता घेत नाही. "आमचे दादा इंग्लंडात गेले, अन् हाटेलात उभे राहून हाटेल धुंडून राहिले होते," अशी तो सुरुवात करतो. मंडळी हसतात. मी समोरच बसलेलो असतो. हा गृहस्थ त्या विमानात नव्हता, त्या हॉटेलात नव्हता, मला मुंबईपर्यंत पोचवायलाही आला नव्हता. तरीही इतकी वर्षे त्याचीच साक्ष ग्राह्य धरली जात आहे. ती मी येथे खोडून काढतो.

मी नागपूरच्या न्यायालयात भाषांतरकार होतो. उमरेड-भिवापूरकडचा साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून जे बोले, ते इंग्रजीत उतरवणे हे माझे काम. एकोणीसशे सत्तरचे दशक संपत आले असताना मी निवृत्त झालो. माझी मुलगी लग्न होऊन उत्तर इंग्लंडात राहत होती. तिने बोलावले, पण पत्रात लिहिले, "बाबा, कोणाची तरी सोबत पाहून या." पत्नीच्या गुडघ्यांची प्रवासाला तयारी नव्हती आणि अनोळखी माणसाच्या सोबतीला माझी. मी एकटा येईन व एकटा परत जाईन, असे मी कळवले. तिचे उत्तर आले : "या एकटे. पण जराही काही झालं, तर परतीची सोबत मी ठरवीन." पुढचे सारे प्रकरण या 'जराही'वर उभे आहे.

भावाचा पहिला आरोप असा की विमानात मी कमरेचा पट्टा सोडलाच नाही. वस्तुस्थिती अशी : समोरच्या पाटीवर इंग्रजीत स्पष्ट लिहिले होते की बसलेले असताना पट्टा बांधलेला ठेवावा. मी बसलेलो होतो. दोनदा उठलो, दोन्ही वेळा पट्टा सोडला. शेजारच्या प्रवाशाने तो सुटसुटीत बसण्यासाठी सोडला, हा त्याचा प्रश्न. लेखी सूचनेचा अर्थ लावण्याची सवय त्याला नसावी.

लंडनला उतरलो तेव्हा धुके इतके दाट होते की मुलीच्या गावाकडे जाणारे विमान दुसऱ्या दिवसावर गेले. विमान कंपनीने आम्हा प्रवाशांना बसमध्ये घालून जवळच्या एका मोठ्या इमारतीत नेले आणि प्रत्येकाला एकेक खोली दिली. मी पेटी ठेवली, हातपाय धुतले, स्वच्छ धोतर नेसलो. दुपारचे तीन वाजले होते. मला चहा हवा होता.

आता शब्दाकडे येतो. नागपुरात जेथे मुक्काम करतात ते लॉज. जेथे बाकावर बसून चहा आणि आलूबोंडा घेतात ते हॉटेल. हॉटेलात कोणी झोपत नाही. झोपलाच तर मालक उठवतो. भाऊ विचारतो, "मंग दादा, चहा पायजे म्हनून सिध्धं काहून नाई सांगतलं?" कारण मी तेथे कंपनीचा पाहुणा होतो. ज्याच्या घरी उतरलो त्याच्याकडे तोंडाने चहा मागण्याची आमच्या घरात रीत नाही. चहा स्वतः उठून, स्वतःच्या पैशाने, बाहेर हॉटेलात जाऊन प्यावा.

म्हणून मी खाली जाऊन मेजामागच्या मुलीला इंग्रजीत विचारले, "येथे जवळ हॉटेल कोठे आहे?"

"हेच हॉटेल आहे, सर."

"राहण्याचे झाले. मी हॉटेल विचारतो आहे."

"सर, आपण हॉटेलातच उभे आहात."

"ते ठीक आहे. पण मला हॉटेलात जायचे आहे."

तिने लेखणी खाली ठेवली आणि फार मायेने विचारले, "आज कोणता वार आहे, सांगाल का?" मी वार सांगितला आणि माहिती पूर्ण असावी म्हणून तिथीही सांगितली. तिथीने प्रकरण बिघडले. तिने माझ्या हातातली मुलीच्या फोन नंबरची चिठ्ठी मागून घेतली आणि फोन लावला. भाऊ म्हणतो, मी हरवलो होतो म्हणून फोन झाला. हरवलेल्या माणसाला आपण कोठे आहोत हे ठाऊक नसते. येथे ते मला दोनदा सांगण्यात आले होते.

मग फोन माझ्या हाती दिला. पलीकडे माझी मुलगी. "बाबा, काहून असं करून राहिले तुम्ही? तिथंच बसा. हलू नका." मी खुलासा सुरू केला; तिने ऐकला नाही. थोड्या वेळाने मेजामागच्या मुलीने आपण होऊन चहा आणून दिला. तो पांचट होता.

एक गोष्ट भावाला ठाऊक नाही, ती मीच सांगतो. साक्षीदार 'हाटेल' म्हणाला की मी इंग्रजीत न चुकता 'टी-शॉप' लिहीत असे. कित्येक आरोपींना मी तसे त्या बाकांवर बसवले आहे. दुसऱ्यांचे बोलणे जन्मभर भाषांतरित केले. स्वतःच्या एका वाक्याचे करायचे तेवढे राहून गेले. चूक म्हणायची तर एवढीच.

मुलीकडे पोचलो तर परतीची सोबत ठरलेली. मुंबईला जाणारे एक कुटुंब, त्यांची दोन लेकरे आणि मी, म्हणजे तिसरे. महिनाभर मी युक्तिवाद केले. ती नुसती म्हणे, "बाबा, 'जराही' लिहिलं होतं."

एका शनिवारी आम्ही बाजारात गेलो. बोचरी थंडी, हातात पिशव्या. ती थांबली, दोन्हीकडे पाहिले आणि म्हणाली, "बाबा, पाय दुखून राहिले. इथं एखादं हॉटेल दिसते का पाहा ना, चहा घेऊ."

मी पिशव्या खाली ठेवल्या. "पुन्हा सांग."

"चहा घेऊ."

"त्याच्या आधीचे."

ती समजली. आधी कपाळावर हात मारला, मग भर रस्त्यात डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. घरी आल्यावर कोट न काढताच तिने त्या कुटुंबाला फोन केला की आमचे बाबा एकटे जातील. निरोप देताना म्हणाली, "पण आता कोणाला हॉटेल विचारू नका." ही अट मूळ करारात नव्हती, मी मान्य केली नाही.

मी एकटा आलो. पट्टा बांधून. नागपूर स्टेशनवर भाऊ घ्यायला आला होता. माझी पेटी घ्यायला त्याने हात पुढे केला. मी ती दिली नाही. स्टेशनसमोरच्या हॉटेलात चहा मात्र त्याच्यासोबत घेतला. तेथे खोल्या नव्हत्या.