विल्फच्या मधमाश्यांना कळवताना

जूनमध्ये एका गुरुवारी माझे पती वारले. ऑगस्टमध्ये मी कामावर परतले. नोव्हेंबरात क्रेगने, म्हणजे माझ्या बॉसने, मला न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनबाहेर, मधमाश्यांच्या पेट्या ठेवलेल्या एका यार्डवर पाठवलं.

मी मधमाश्यांच्या पेट्यांची इन्स्पेक्टर. पुण्यात कीटकशास्त्र शिकले, इथे पेट्या उघडते. शोधायचं असतं मुख्यतः फाउलब्रूड. या रोगात माश्यांच्या अळ्या कुजतात. इथे त्यावर औषध देत नाहीत. पेटी माश्यांसकट जाळतात. शेजारच्या फार्मवर तो सापडला होता, म्हणून विल्फ नावाच्या म्हाताऱ्याच्या बारा पेट्या त्याच दिवशी तपासायच्या होत्या.

दार त्याच्या बायकोने, नायरीने उघडलं. मागच्या खोलीत शवपेटी दिसली. भोवती गाद्या टाकून माणसं बसली होती. विल्फ आदल्या दिवशी गेला होता. नायरीची आई माओरी, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांपैकी, आणि माओरी लोक मृताला एकटं ठेवत नाहीत.

"पेट्यांना हात लावू नकोस," ती म्हणाली. "त्यांना अजून सांगितलेलं नाही."

विल्फचं घराणं इंग्लंडमधल्या डेव्हनचं. घरधनी गेला की शव बाहेर नेण्याआधी घरातल्या कोणीतरी किल्लीने प्रत्येक पेटीवर टकटक करायची आणि माश्यांना ते सांगायचं. नाही सांगितलं तर माश्या निघून जातात किंवा मरतात. ही चाल त्यांनी जहाजातून इथे आणली होती.

"सकाळपासून दोनदा जाऊन आले," नायरी म्हणाली. "तोंडातून शब्द फुटत नाही. आणि हे बारा डबेच त्याचे म्हणून उरलेत."

मी बाहेर येऊन क्रेगला फोन केला.

"तुला अधिकार आहे. उघड आणि मोकळी हो."

"थोडं थांबते. मालक गेल्याचं आधी माश्यांना सांगायचंय."

"कशासाठी? माश्यांना इंग्लिश येतं का, ते तरी विचार."

मी फोन ठेवला. नायरीने व्हरांड्यात चहा आणला.

"विल्फ स्वतःला हाडाचा ब्रिटिश म्हणवायचा," ती म्हणाली. "आणि त्याच तोंडाने सांगायचा, आमची पणजी स्पॅनिश खलाशाच्या वंशातली. चारशे वर्षांपूर्वी स्पेनचं आरमार इंग्लंडवर चालून येऊन बुडालं, तेव्हा तो किनाऱ्याला लागलेला म्हणे. पुरावा काय, तर काळे केस. माझा बाप स्कॉटिश, आई माओरी. माश्या कुठल्या?"

"इटालियन."

"घ्या! मग या घरात ब्रिटिश आहे काय?"

"चहा," मी म्हणाले.

"तो तर तुमच्याकडचा, डिअर." ती हसली. मग म्हणाली, "तुमच्यात कोणाला सांगतात?"

मी सांगितलं. दहाव्या दिवशी भाताचा पिंड ठेवतात आणि कावळा शिवेपर्यंत थांबतात. पण हॅमिल्टनमध्ये कावळे नाहीत. नवऱ्यासाठी मी तळ्याकाठी भात ठेवला होता. सीगल आला. विधी दिरांनी पुण्यात केला.

"सीगलने खाल्ला?"

"सगळा."

"मग पोचला," ती म्हणाली. हे म्हणताना ती अजिबात हसली नाही. तिने आत जाऊन किल्ली आणली. "चल. मी अडले तर मागून ढकल."

पहिल्या पेटीवर तिने तीनदा टकटक केली. आतून एकदम गुंजारव उसळला आणि लगेच शांत झाला. "विल्फ गेला," ती म्हणाली. "आता मी आहे. जाऊ नका."

पेटीला धक्का लागला की माश्या पंख फडफडवतात. निरोगी पेटी चटकन गुणगुणून गप्प होते. दुबळी क्षीण आवाजात रेंगाळते. हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. तरी पेटीमागून पेटी उत्तर देत गेली तशी माझ्या अंगावर काटा येत गेला. शेकडो वर्षं कोणीतरी शोकात असं उभं राहून ऐकत आलं होतं, आणि आत हजारो जीव ऐकत होते.

सातव्या पेटीशी नायरीचा आवाज बसला. तिने किल्ली माझ्यापुढे धरली.

"घरातल्याने सांगायचं ना?"

"आज तू घरातली."

मी टकटक केली आणि मराठीत सांगितलं, "घरचं माणूस गेलं." जूनपासून हे वाक्य मी मोठ्याने उच्चारलं नव्हतं. आत गुंजारव उठला आणि शांत झाला. पुढच्या पेट्या नायरीनेच केल्या. नववीचा आवाज मात्र रेंगाळला.

मग मी सगळ्या उघडल्या. पोळ्यातल्या अळीच्या संशयित घरात काडी खुपसून हळूच ओढायची. तपकिरी तार निघाली तर फाउलब्रूड. नववीत तार निघाली. चौथीतही निघाली, आणि चौथीने चांगलं खणखणीत उत्तर दिलं होतं.

"दोन जाळाव्या लागतील," मी म्हणाले.

नायरी पेट्यांकडे वळली. "मग त्यांनाही सांगायला हवं." ती दोन्हींपाशी वाकली. "तुम्हाला जाळणार आहोत. बाकीच्यांसाठी."

संध्याकाळी माश्या परतल्यावर क्रेग फावडं घेऊन खड्डा खणायला आला. पेट्रोलचा डबा उघडण्याआधी थबकला, टोपी काढली. "यांना कळवलंय ना?" त्याने विचारलं.

"कळवलंय."

रिपोर्टात मी काडीचा निकाल लिहिला. आवाजावर विसंबू नये, हे नव्या इन्स्पेक्टरांना मी बजावते. पण आधी टकटक करा आणि ऐका, हेही सांगते.

नायरीच्या यार्डात आता दहा पेट्या आहेत.